मालकांगोणीचं तेल

“बाबा, मी कोण?”

हंसगीर बाबा मठाच्या ओट्यावर कोवळं ऊन घेत बसले होते. त्यांनी विचारणाऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“मधुसूदन.”

“आज वार कोणता?”

“काल गावात बाजार होता… म्हणजे बुधवार.”

“आणि आपण कुठं आहोत?”

“मी उन्हात. तू घाईत.”

डॉ. मधुसूदन फालक हसला नाही. उत्तरं चुकली नव्हती, त्याला तेवढंच हवं होतं. मठात मुक्काम असला की तो रोज सकाळी बाबांना हे प्रश्न विचारी. ‘मी कोण’ हा प्रश्न या मठात पूर्वीही विचारला जाई. पण तेव्हा शिष्य तो स्वतःला विचारीत.

मठ लहानसा. सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या काठी. मधुसूदनाचे आईवडील लहानपणीच गेले आणि तो इथंच वाढला. अक्षरं, श्लोक, झाडपाला, सगळं त्याला बाबांनी शिकवलं.

एकदा रानात हिंडताना त्यांनी त्याला एक वेल दाखवली होती. पिवळी फळं उकलली होती, आत तांबडे दाणे.

“मालकांगोणी. जुन्या ग्रंथांत ज्योतिष्मती. हिच्या बियांचं तेल बुद्धीला चांगलं म्हणतात.”

“म्हणतात?”

“म्हणतात. मी पाहिलेलं नाही.”

मधुसूदनानं तेव्हाच ठरवलं, आपण पाहायचं.

तो शहरात गेला. औषधशास्त्र शिकला, प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. वनस्पतींच्या तेलांनी मेंदूची झीज थांबते का, हाच त्याचा ध्यास. वेखंडाचं तेल, जटामांसीचं तेल, परदेशातून मागवलेली तेलं, सगळी तपासून तो पुन्हा त्या रानातल्या वेलीपाशी आला. काचेच्या ताटलीत मरू घातलेल्या मेंदूच्या पेशी या तेलाच्या अंशानं जास्त तगल्या. म्हातारे उंदीर विसरलेली जागा पुन्हा शोधू लागले.

आणि त्याच सुमारास बाबा विसरू लागले.

आधी श्लोकातला एखादा चरण जाई. मग पेटवलेली चूल. मग एका दुपारी नदीवर गेलेल्या बाबांना मठाची वाट सापडली नाही. गुराख्यांनी हाताला धरून आणलं. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. रक्तातलं एक जीवनसत्त्व फार कमी झालं होतं, त्याची इंजेक्शनंही दिली.

मधुसूदनानं तेल आणलं.

“माणसांवर अजून नीट तपासलेलं नाही, बाबा.”

“मग माझ्यावर तपास. माझं आता राहिलंय काय?”

रोज सकाळी दुधातून काही थेंब. कडू तेल. बाबा तोंड वाकडं न करता पीत.

पावसाळा सरला, थंडी पडली आणि बाबा सुधारले. दत्तजयंतीला त्यांनी एक अख्खा अध्याय न अडखळता म्हटला. मधुसूदन खांबाला टेकून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ज्यानं आपल्याला शब्द दिले, त्याला आपण त्याचे शब्द परत दिले…

गोळ्या आणि इंजेक्शनं त्याला त्या दिवशी आठवली नाहीत.

माघातल्या उत्सवाला हे लोकांसमोर सांगायचं, असं त्यानं ठरवलं. दोघातिघांना तो तसं बोललाही. बातमीला पाय फुटले. मठात विसराळू म्हाताऱ्यांचं औषध मिळणार. खुद्द बाबा बरे झालेत.

उत्सव तोंडावर आला तेव्हा बाबांनी विचारलं, “काय सांगणार आहेस?”

“पाहिलं ते.”

“काय पाहिलंस?”

“तुम्हाला.”

“अजून?”

“उंदरांना.”

“उंदराला आठवतंय, हे तुला कसं कळतं?”

“पाण्याच्या हौदात सोडतो त्यांना. पाण्याखाली एक पाट असतो, वरून दिसत नाही. तो कुठं आहे हे ज्याच्या ध्यानात राहिलंय, तो उंदीर थेट तिकडे जातो.”

“आणि ज्याच्या ध्यानात नाही?”

“तो पोहत राहतो.”

बाबा नदीकडे पाहू लागले.

“पोहत राहतो…”

“आम्ही काढतो त्याला बाहेर, बाबा. बुडू देत नाही.”

“काढायलाच हवं,” बाबा म्हणाले.

उत्सवाच्या आदल्या दिवशी काशिनाथ बाविस्कर बायकोला घेऊन मठात आले. उभी हयात एस.टी.ची गाडी चालवलेली, आता निवृत्त. बायकोचं नाव द्रौपदाबाई. त्यांच्या कपाळावर ताजी खोक होती, टाके घातलेले. पदराच्या टोकाची त्या घडी घालीत, उलगडीत, पुन्हा घडी घालीत.

“गाडी कधी सुटणार?” त्यांनी बाबांना विचारलं.

“आत्ताच लागलीय. बसा जरा.”

त्या बसल्या.

“दिवसभर हेच,” काशिनाथ म्हणाले. “मधी बरं होतं थोडं. आता झोप नाही, अन्न नाही. परवा पायरीवरून पडली.”

“मधे म्हणजे कधी?”

“गोळ्या चालू होत्या तेव्हा.”

“आता?”

“बंद केल्या. तुमचं तेल सुरू करायचं, तर अंगात दुसरं औषध नको म्हणून.”

“कोणी सांगितलं?”

“सांगितलं असं कोणीच नाही, बाबा. पण तुम्ही बरे झालात ना… तुम्हाला पाहून.”

बाबांनी द्रौपदाबाईंच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं.

“मला पाहून,” ते म्हणाले. मग म्हणाले, “गोळ्या सुरू करा.”

काशिनाथांनी हात जोडले. “डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की लगेच करतो.”

मधुसूदन मंडपात कर्णा लावून घेत होता. बाबा स्वतः तिथवर चालत गेले.

“त्या बाविस्करांच्या बाई पडल्यात, कपाळाला टाके आहेत. त्यांच्या गोळ्या आजच सुरू व्हायला हव्यात. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.”

“सांगतो. उद्याचं भाषण झालं की सांगतो.”

“आज का नाही?”

“बाबा, आज एकाला सांगितलं की सगळ्या मठात पसरेल. डॉक्टरलाच खात्री नाही म्हणतील. कुठून कुठून माणसं आलीत. एका दिवसानं काय होतंय?”

“आहे?”

“काय?”

“खात्री.”

मधुसूदनानं वायर गुंडाळायला घेतली.

“तुम्ही समोर उभे आहात, बाबा. मला आणखी काय हवं?”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि ते आले तसे परत गेले.

सकाळी मंडप भरला. लेकांनी आयांना धरून आणलं होतं, सुनांनी सासऱ्यांना. कुणाचे हात थरथरत होते. कुणाची मान. एक म्हातारे कधीच्या मेलेल्या बैलाला “ढवळ्या, ये रे” म्हणून हाका मारत होते, आणि त्यांचा मुलगा दर हाकेला “आला, आला” म्हणत होता.

मधुसूदन चांगला बोलला. मेंदू कसा झिजतो ते त्यानं सोपं करून सांगितलं. आधी दिव्याची वात आखडते, मग ज्योत, म्हणाला. पेशींचं सांगितलं, उंदरांचं सांगितलं. मग त्याचा आवाज भरून आला.

“पुरावा तुमच्यासमोर बसला आहे.”

तो बाबांच्या आसनापाशी गेला. वाकून नमस्कार केला. माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

“बाबा, सांगा सगळ्यांना. मी कोण?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

मंडप शांत झाला. बैलाला हाका मारणारे म्हातारेही थांबले.

बाबांनी हात जोडले. नवख्या माणसाला जोडतात, तसे.

“आपण… कुठून आलात?”

आपला प्रश्न त्यांना ऐकू गेला नसावा, असं मधुसूदनाला वाटलं. तो आणखी वाकला.

“बाबा, मी. मी कोण?”

“पाहुणे दिसता. उन्हातून आलात. पाणी घेतलंत का?”

आजवर बाबांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. रागावले तेव्हा नाही, तो मोठा डॉक्टर होऊन आला तेव्हाही नाही.



“मधुसूदन, बाबा… तुमचा मधुसूदन.”

“असाल,” बाबा नम्रपणे म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतून फक्त द्रौपदाबाई उठल्या. काशिनाथ पदर धरायला गेले, तोवर त्या बाबांपाशी पोचल्या होत्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला.

“घाबरू नका हो,” त्या म्हणाल्या. “मलापण आठवत नाही.”

बाबा आसनावरून उतरले. त्यांच्याबरोबर खाली सतरंजीवर गेले आणि त्या विसरलेल्या माणसांच्या रांगेत मांडी घालून बसले.

मधुसूदन एकटाच उभा राहिला.

खाली उतरावं, गाडीत बसावं आणि निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. एक पाय मंचाच्या पायरीवर पडलाही. तेवढ्यात त्याला द्रौपदाबाईंच्या कपाळावरचे टाके दिसले. काल बाबांनी एवढं सांगूनही तो त्यांना पाहायला गेला नव्हता.

तो परत फिरला.

“हे तेल…” त्याला थांबावं लागलं. “हे तेल अजून औषध झालेलं नाही. पेशींत काही दिसलंय. उंदरांत काही दिसलंय. माणसांत काय होतं, ते मला माहीत नाही. बाबांना मधे बरं वाटलं, ते कशानं, तेही मला माहीत नाही. त्यांना गोळ्या चालू होत्या, इंजेक्शनंही चालू होती. तुमच्यापैकी कुणी दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच सुरू करा. आजच… हे मी कालच सांगायला हवं होतं.”

“मग आम्हाला बोलावलंत कशाला?” मागून एक बाई ओरडली. तिच्या मांडीवर तिच्या सासऱ्यांचं डोकं होतं.

त्यानं माईक खाली ठेवला.

मंडप रिकामा होत गेला. कुणी शिव्या दिल्या. कुणी नुसतंच पाहून पुढं गेलं. ते जास्त लागलं. काशिनाथ मात्र जागचे हलले नाहीत. आता कुठं जायचं, हेच त्यांना कळत नसावं.

मधुसूदन त्यांच्याजवळ गेला.

“चला. जळगावला जाऊ. त्यांच्या डॉक्टरांना मी भेटतो.”

त्यानं दोघांना आपल्या गाडीत बसवलं. गाडी मठाच्या वळणावरून बाहेर पडली तशा मागच्या सीटवर द्रौपदाबाई एकदम ताठ बसल्या.

“सुटली!” त्या म्हणाल्या. “सुटली एकदाची!”

आणि खिडकीला गाल टेकून, किती दिवसांनी, झोपी गेल्या.

काशिनाथांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ ते रस्ता पाहत राहिले.

“डॉक्टरसाहेब, एक विचारू?”

“विचारा.”

“त्या तेलानं हिला कधी गुण येईल?”

“माहीत नाही.”

“येऊच शकत नाही, असंय का?”

“तसंही नाही. येईलही.”

“मग लवकर तपासा ना.”

“लवकर होत नाही हे काम, काका. वर्षं लागतात.”

काशिनाथ पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. केळीच्या बागा मागे पडत होत्या.

“हिच्यापाशी वर्षं नाहीत,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “पण मग नीट तपासा.”

दवाखान्यात मधुसूदनानं सगळं स्वतः सांगितलं. तिथले डॉक्टर त्याच्याहून लहान होते. त्यांनी ऐकून घेतलं. गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. हळूहळू द्रौपदाबाई झोपू लागल्या, चार घास जेवू लागल्या. गाडी कधी सुटणार हे विचारणं काही थांबलं नाही. काशिनाथ म्हणत, “आत्ता सुटेल,” आणि त्यांच्या शेजारी बसत.

त्या दिवशी जळगावहून मठात परत येऊन मधुसूदन बाबांच्या पाया पडला होता. विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. बाबा खरोखरच विसरले असतील, तर तेल हरलं होतं. विसरले नसतील, तर…

दोन्ही उत्तरांची त्याला भीती वाटली. तो न विचारताच शहरात गेला.

काम त्यानं पहिल्यापासून मांडलं. दवाखान्याचे डॉक्टर बरोबर घेतले. काय चाललंय हे ज्यांना स्वतःला कळत होतं आणि ज्यांच्या घरच्यांची तयारी होती, अशीच माणसं घेतली. कुणाचीही गोळी थांबवली नाही. काहींना मालकांगोणीचं तेल, काहींना तसंच दिसणारं, तसंच कडवट केलेलं साधं तेल. कुणाला कोणतं, हे त्या माणसाला ठाऊक नाही आणि मधुसूदनालाही नाही.

त्याला सर्वांत जड हेच गेलं. एखाद्या आजीला नातवाचं नाव आठवे, सगळं घर आनंदून जाई, आणि त्यानं नुसतं पाहायचं. एखादे आजोबा महिनाभरात विझत जात. त्यानं तेही पाहायचं. नातेवाईक बाहेर गाठून विचारत, “डॉक्टर, खरं सांगा, तेलानंच ना?”

“अजून माहीत नाही.”

आधी हे शब्द म्हणायला त्याला वेळ लागे. पुढं पुढं सरळ येऊ लागले.

मठात तो जात राहिला, पूर्वीपेक्षा जास्तच. बाबांचं तेल त्यानं त्यांच्या डॉक्टरांना विचारून थांबवलं होतं. गोळ्या तेवढ्या चालू होत्या. सकाळचे प्रश्न बंद झाले. आता ते विचारण्यात अर्थही नव्हता. बाबांचे श्लोक गेले, माणसं गेली, जेवण झालं की नाही तेही जाऊ लागलं. मधुसूदन दारात आला की ते कधी “ये” म्हणत, कधी “या” म्हणत. तो दोन्हीला आत जाई. त्यांना आंघोळ घाली, भात कालवून भरवी, नदीपर्यंत फिरवून आणी.

पुढच्या थंडीतली एक सकाळ. बाबा ओट्यावर बसले होते आणि मधुसूदन खाली बसून त्यांची नखं कापत होता.

“बाबा…”

“हं.”

“मागल्या उत्सवात मंडप भरला होता. सगळ्यांसमोर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मला ओळखलं नाहीत.”

बाबा आपल्या बोटांकडे पाहत होते.

“तेव्हा तुम्ही खरंच विसरला होतात? की…”

त्यानं मान खाली घातली आणि पुढचं बोट हातात घेतलं.

नदीपलीकडे कुणीतरी गुरं हाकारत होतं. तो आवाज लांब गेला…

बाबांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. सावकाश पाहिलं. कपाळ, डोळे, पांढरे होऊ लागलेले कल्ले.

“त्या मंडपात,” बाबा म्हणाले, “तू होतास?”